बारकी चिंबोरी मिळणार नाही

माझी खेकडेवाली दुसऱ्या कुणाची तरी झाली, हे मला एका रविवारी सकाळी भर बाजारात कळलं.

बावीस वर्षं मी खेकडे तिच्याकडूनच घेत आले होते. डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात नारळवाल्याच्या गाळ्याशेजारी ती बसते. खाडीकाठच्या आगरी गावातली. तिचा नवरा आणि दीर होडी घेऊन खाडीत फग लावतात. फग म्हणजे लोखंडी कडीला बांधलेली गोल जाळी. मध्ये आमिषाला माशाचं मुंडकं, खेकडा खायला आला की वर ओढायची. माल घरचा, त्यामुळे कधी मेलेला खेकडा तिच्या पाटीत दिसला नाही. वयानं ती माझ्याएवढीच. मी तिला ताई म्हणते, ती मला बाय. माझ्या सासरी मालवणात खेकड्याला कुर्ली म्हणतात, ती चिंबोरी म्हणते, आणि या दोन शब्दांवरून आमची इतकी वर्षं थट्टा चाललेली.

माझी पिशवी ती पाठीमागे वेगळी ठेवायची. कुणी त्या पिशवीकडे बोट दाखवलं की म्हणायची, “ती नाय. ती बायची हाय.” खरं सांगते, हे वाक्य ऐकायला मी रविवारी मुद्दाम जरा उशिरा जायचे, बाजारात गर्दी झाल्यावर.

पिशवीत दोन-तीन मोठे, भरलेले खेकडे असायचे आणि एक वाटा बारक्यांचा. बारके म्हणजे पुरीएवढे. त्यांत खायला काही नसतं, पण आमच्या घरी त्यांच्याशिवाय कालवण होत नसे. सासूबाईंनी मला शिकवलं होतं: मोठ्या कुर्ल्या तोंडात घालायला, बारक्या रसाला. बारक्या साफ करून सबंध ठेचायच्या, पाणी घालून फडक्यातून पिळायच्या, आणि तो करडा रस वाटणात सोडायचा. उकळी आली की तो फुटल्यासारखा दाटतो आणि सगळ्या जिन्यात वास जातो. माझे दीर वर्तकनगरहून त्यासाठी येतात. भात न घेता वाटीनं पितात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. ती साताऱ्याकडची, पस्तिशीची, घरीच लॅपटॉपवर काम करते. तिच्या माहेरी ओढ्यातले खेकडे चुलीत भाजून खात. लिफ्टमध्ये एकदा माझ्या पिशवीतली खुडबुड ऐकून म्हणाली, “काकू, मला पण दाखवा ना, कुठे मिळतात चांगले?” मी तिला घेऊन गेले. मीच घेऊन गेले. माझ्यावर कुणी सक्ती केली नव्हती.

त्या दिवशी मी अगदी रंगात आले होते. खेकडा उलटा करून तिला पोटाखालची झडप दाखवली. नराची झडप चिंचोळी, टोकदार. मादीची रुंद, गोल, पोटभर पसरलेली. “पण अंगानं लहान मादी असेल ना,” मी म्हटलं, “तर तिचीही झडप अजून त्रिकोणीच असते. ती अजून पोर आहे असं समजायचं. आत काही नसतं.” तिनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. माझी खेकडेवाली हसून म्हणाली, “आमची बाय मास्तरीण हाय.” मी शाळेच्या ऑफिसात होते, शिकवलं कधीच नाही, पण मी तिची चूक सुधारली नाही.

मग ती दुसऱ्या मजल्यावरची माझ्याशिवाय जायला लागली. तिला वेळेचं बंधन नाही, त्यामुळे मधल्या वारी, दुपारी, बाजार रिकामा असताना. एकदा मी रिक्षातून चालले होते तर दोघी दिसल्या. ती माझ्या खेकडेवालीशेजारी उलट्या क्रेटवर बसली होती आणि चहा पीत होती. बावीस वर्षांत मी तिथे चहा प्याले असेन, नाही असं नाही, पण उभ्यानं. बस म्हणून मला कुणी क्रेट पुढे केलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये ती म्हणाली, “काकू, मी काल होडीतून गेले होते! ताईंनी नेलं. त्यांचे मिस्टर फग ओढताना बघितले.”

“हो का? छान.”

“फगात जवळजवळ सगळे बारकेच हो. ते म्हणत होते, वडिलांच्या काळी असले उचलतसुद्धा नव्हते. आता सोडून दिले तर मागची होडी उचलते, म्हणून कुणीच सोडत नाही.”

“असं का,” मी म्हटलं. ती दुसऱ्या मजल्यावर उतरली, मी वर तिसऱ्यावर आले. घरी आल्यावर दूध उतू घालवलं. आमच्या ह्यांनी गॅस बंद केला आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “तुलाही जायचं होतं का होडीत?”

“मला काय करायचंय त्या चिखलात!”

मला जायचं होतं. बावीस वर्षांत मला तसं कधी सुचलंही नव्हतं, पण ती जाऊन आली म्हटल्याबरोबर वाटलं की तो चिखल माझा होता.

आता तो रविवार. मी नेहमीच्या वेळेला गेले. ताईनं पाठीमागून पिशवी काढून दिली. हाताला हलकी लागली.

“बारकी नाहीत यात?”

“बारकी नाय, बाय.”

“बरं, पुढच्या रविवारी ठेव.”

“पुढं पन नाय मिलनार. आमी गावात ठरवलाय. सगल्या होड्यांनी.”

तिनं पाटीखालून एक करड्या रंगाचं कडं काढलं. प्लास्टिकच्या जाड पाइपाचा बोटभर रुंदीचा कापलेला तुकडा. एक खेकडा उचलून तिनं ते त्याच्या पाठीवर ठेवलं. पाठीची दोन्ही टोकं कड्याबाहेर आली. “ही चालते. पाठ कड्याच्या आत ऱ्हायली, का परत पान्यात. बारकी आजच खाल्ली तं उद्याला अंडी कोन देनार?”

“हे कडं कुठून आणलंस?”

“तुज्या दुसऱ्या माल्यावरची पोर. तिच्या बाथरूमचा काम चालला होता ना, त्यातला पायप. सगल्या होड्यांना एकेक दिलाय कापून.”

तिच्या पाटीभोवती गिऱ्हाइकं उभी होती. आमची पिशवी, आमची थट्टा माहीत असलेली. मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. गावात बैठक झाली, कडी वाटून झाली, आणि मला हे गिऱ्हाइकासारखं सांगितलं जात होतं. मी तर गिऱ्हाईकच होते. पण तोवर मला तसं वाटलं नव्हतं.

कड्यामागचं शहाणपण मला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. झडपेचं ज्ञान मी दिलेलं, खेकडेवाली मी दाखवलेली, आणि पाइप तिचा!

त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, केळीवाल्यांच्या पलीकडे, त्याच गावातली एक तरुण बाई बसते. पुढच्या रविवारी मी आधी तिच्याकडे गेले.

“बारकी आहेत का गं?”

“नाय काकी. ठरलंय ना आमचा.”

“अगं, मला रसाला हवीत. मूठभर. कुणाला कळणार आहे? तू पिशवीत घाल, वरून मी कोथिंबीर ठेवते.”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. बिचारीचा माल पडून होता. तिनं त्या दिवशी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पिशवी तयार ठेवली.

तीन रविवार मी तसा रस केला. दीर आले, वाटी तोंडाला लावून म्हणाले, “वहिनी, तुझ्या हातची सर नाही कुणाला.” माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. खालच्या मजल्यावर वास पोचला असेल का, हे मी बघत होते. पोचला नसेल तर, म्हणून तिसऱ्या रविवारी मी वाटीभर कालवण तिला नेऊन दिलं. संध्याकाळी ती वाटी परत घेऊन आली, घासून, आत दोन तिळाचे लाडू ठेवून.

“काकू, रस अप्रतिम झालाय. कशाचा केलात?”

“कुर्ल्यांचाच. आणखी कशाचा?”

तिनं आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं होतं. मला तेच हवं होतं. पण ती वाटी माझ्या हातात देऊन जिना उतरली, तेव्हा मला आनंद झाला नाही.

चौथ्या रविवारी मी बाजारात शिरले तेव्हा केळीवाल्यांपाशी आरडाओरडा चालला होता. माझी खेकडेवाली तिथे उभी होती. धंद्यावर तिला उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्या तरुण बाईच्या पाटीतले बारके खेकडे कुणी तरी बाहेर काढून फरशीवर ठेवले होते आणि ते तुरुतुरु गटाराकडे चालले होते. गावातल्या आणखी दोघी हातवारे करत होत्या. “ही विकते तं आमी कशाला सोडायची? आमची पोरां उपाशी ठेवू?”

तरुण बाई रडायला लागली होती. तेवढ्यात तिला मी दिसले. तिनं सरळ माझ्याकडे हात केला. “या काकीनं मागली. दर आयतवारी मागते. म्हनून आनली.”

सगळी माणसं वळली. माझ्या हातात घरून आणलेली कोथिंबिरीची जुडी होती.

माझी खेकडेवाली त्या जुडीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

“बाय, तू?”

एवढंच. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती वळली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी खाली वाकले. गुडघे दुखतात, तरी एकेक करून ते बारके खेकडे पिशवीत भरले, त्या बाईच्या हातात पैसे कोंबले आणि रिक्षा केली. घरी गेले नाही. रिक्षावाल्याला खाडीवर घे म्हटलं. तिचं गाव मला फक्त नावानं माहीत होतं. बंदरावर तिचा नवरा कडीला जाळी बांधत बसला होता. मी ओळख सांगितली तर म्हणाला, “वलखतंय ना. तुमी बाय.”

“हे सोडायला आणलेत,” मी पिशवी पुढे केली.

त्यानं आत डोकावून पाहिलं. एका खेकड्यानं दुसऱ्याचा पाय तोडला होता. “इथं नका सोडू,” तो म्हणाला. “इथं सगला गटाराचा पानी. तिवरात सोडू.” बांधावरून तो पुढे, मी मागे, चपला हातात घेऊन. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झुडपांच्या मुळांशी त्यानं पिशवी उलटी केली. खेकडे क्षणभर तसेच बसले आणि मग काळ्या चिखलात शिरून दिसेनासे झाले. माझे पाय घोट्यापर्यंत भरले होते.

दुपारी गावात त्याच विषयावर बैठक होती. तो म्हणाला, थांबा. बाजार उठवून त्याची बायको आली, मला ओट्यावर बसलेली पाहून आत गेली, तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं आणि परत आत गेली. देवळासमोरच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. आणि हो, दुसऱ्या मजल्यावरची तिथे होतीच. वही घेऊन. इतक्या शरमेतसुद्धा माझ्या मनात आलं ते हेच, की हिला कुणी बोलावलं?

एक म्हातारा होडीवाला तावातावानं बोलत होता. “बाथरूमच्या पायपावरनं खाडीचा कायदा? उद्याला दोन इंची पायप आनाल, तं दोन इंचाचा कायदा! हीच बरोबर कशावरनं?”

लोक हसले. तिनं वही उघडली. दोन महिने होडीवर येणाऱ्या प्रत्येक मादीची झडप पाहून तिनं लिहून ठेवलं होतं: कड्याच्या आत राहणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची झडप त्रिकोणी, बाहेर जाणाऱ्यांची गोल. म्हाताऱ्यानं हात झटकला. “वहीत काय पन लिवतील.”

तेव्हा माझी खेकडेवाली बोलली. माझ्याकडे न बघता.

“हिला इचारा. बावीस वरसं हिनं माज्याकडनं बारकी नेलीत. बाय, सांग. बारकीत कवा गाभोली घावली?”

सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की आता मी म्हणेन ते होणार. “हो, कधी कधी सापडायची” इतकं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कडं तिथल्या तिथे खाडीत गेलं असतं आणि त्याच्याबरोबर वही. हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. तो चांगला दोन घोट पाणी पिईपर्यंत टिकला.

“कधीच नाही,” मी म्हटलं. “इतक्या वर्षांत एकदाही नाही. बारक्यांत नुसतं पाणी असतं. लाल गाभोळी, आतली अंडी, मिळतात ती पाठ माझ्या हाताबाहेर गेलेल्या कुर्लीत.” मी अंगठ्यासकट पंजा आडवा धरून दाखवला. म्हातारा उठला, ताईच्या नवऱ्याच्या हातातलं कडं घेऊन आला आणि माझ्या पंजावर ठेवलं. कडं पंजापेक्षा किंचित मोठं भरलं.

“हां,” तो म्हणाला. “आता पटला. हिनं शिजवून बगितलाय.”

कडं राहिलं. आणखी एक गोष्ट ठरली: पोटाला बाहेरून अंडी चिकटलेली मादी कितीही मोठी असो, परत पाण्यात. तरुण बाईला कुणी काही बोलू नये, हे माझ्या खेकडेवालीनं ठरवून टाकलं. मी अभिमानानं दुसऱ्या मजल्यावरचीकडे पाहिलं. माझा शब्द चालला होता, तिची वही नाही. पण ती मनापासून हसत होती आणि माझं वाक्य वहीत लिहून घेत होती. तिला माझा हेवा वाटला नाही, याचा मला फार राग आला.

परत येताना आम्ही एकाच रिक्षात होतो. तिनं बाजाराचं काही काढलं नाही. माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहून एवढंच म्हणाली, “काकू, हा साबणानं जात नाही. आधी गोडं तेल लावा.” ते मला माहीत नव्हतं.

याला आता दोन वर्षं होतील. सगळं सुरळीत झालं असं नाही. पलीकडच्या काठाच्या होड्या कडं मानत नाहीत. मध्यंतरी विठ्ठलवाडीला मैत्रिणीकडे गेले होते, तिथल्या बाजारात बारक्यांचे वाटेच्या वाटे मांडलेले. मी मान वळवून पुढे गेले. काही आठवड्यांना ताईची पाटी अर्धीच असते. पण यंदा मोठ्या चिंबोऱ्या जास्त दिसतात असं ती म्हणते, आणि तिच्या नवऱ्यानं माझ्यासमोर एकदा ते कबूल केलं. मी रस मोठ्या कुर्ल्यांच्या पायांचा करते. पातळ होतो. दीरांनी विचारलं, “वहिनी, हात बदललास का?” मी खोबरं जास्त भाजून बघितलं, तरी तो जुना रस नाहीच. त्या तरुण बाईची मी माफी मागितली. ती बोलते माझ्याशी, पण माझी पिशवी अजून उघडून बघते.

ताईनं तिचा अबोला महिन्याभरात सोडला. आता तिच्या पाठीमागे दोन पिशव्या असतात, एक माझी, एक दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीची. कुठली जड आहे ते मी बघते. न बघता मला राहवत नाही.

गेल्या महिन्यात ताई लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आमच्या इमारतीत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बेल वाजली, दार उघडलं तर ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उभी. मी विचारलं, “खाली जाऊन आलीस?”

“नाय. आधी तुज्याकडं आले.”

मी तिला पंख्याखाली बसवलं. चहा झाला, पोहे झाले. लेकीच्या सासरची चौकशी झाली, हॉल कुठला, हळदीला मांडव कुणाचा. मी घर दाखवलं, गॅलरीतून दिसणारी खाडीची रेघ दाखवली. ती दोनदा उठली.

“बाय, सोड आता. खालच्या पोरीकडं पन जायचं हाय.”

“जाशील गं. ती कुठे पळून चालली आहे? कांदाभजी तळते गरम गरम. बस.”

ती बसली. मी कढई ठेवली आणि कांदा अगदी बारीक, सावकाश चिरायला घेतला.